टाके निघाले, पुढे काय?

सकाळच्या वेळी नागपूरच्या मेडिकल चौकात थोडा वेळ उभे राहिले, तर साऱ्या विदर्भाच्या प्रकृतीचा अंदाज येतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया येथून रात्रीच्या गाडीने आलेली माणसे तेथे असतात. राज्याची सीमा ओलांडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाटहून आलेलीही असतात. एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात तपासण्यांच्या कागदांचे जाडजूड पाकीट. १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, त्याला जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय, ‘मेयो’ या जुन्याच नावाने ओळखले जाणारे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, डिसेंबर २०२२ मध्ये लोकार्पण झालेले मिहानमधील ‘एम्स’ आणि धंतोली-रामदासपेठेतील खाजगी रुग्णालयांची दाटी यांमुळे हे शहर मध्य भारताचे उपचारकेंद्र बनले आहे. मेंदूची शस्त्रक्रिया करावयाची म्हणजे मुंबई किंवा वेल्लोर गाठावयाचे, असा एक काळ होता. तो मागे पडला, ही समाधानाची गोष्ट होय.

परंतु रुग्णालयाच्या फाटकातून आत जाणाऱ्याची जितकी चिंता वाहिली जाते, तितकी बाहेर पडणाऱ्याची वाहिली जात नाही. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. टाके निघतात, डिस्चार्ज कार्ड हाती पडते, पेढे वाटले जातात आणि रुग्ण घरी येतो. येथून आजारपणाचा दुसरा अध्याय सुरू होतो. आणि त्या अध्यायाची पूर्वकल्पना रुग्णाला अथवा त्याच्या घरच्यांना क्वचितच कोणी दिलेली असते.

विद्येची झेप

मेंदूतील रक्तवाहिन्यांचे जे विकार शस्त्रक्रियेपर्यंत जातात, त्यांत दोन प्रमुख आहेत. एकात धमनीच्या भिंतीचा एखादा दुबळा भाग फुग्यासारखा फुगतो. प्रौढांपैकी सुमारे तीन टक्के लोकांच्या मेंदूत असा फुगा असावा, असा जागतिक अंदाज आहे. बहुतेकांना त्याचा जन्मभर पत्ताही लागत नाही. मात्र तो फुटला, की पूर्वी कधी अनुभवली नव्हती अशी डोकेदुखी क्षणार्धात उठते, आणि अशा रुग्णांपैकी साधारण एक-तृतीयांश दगावतात. दुसऱ्या विकारात धमन्या आणि शिरा यांच्यामध्ये असावयाचे केशवाहिन्यांचे जाळे नसते. धमनीतील रक्त त्याच वेगाने थेट शिरांत शिरते आणि त्या जागी रक्तवाहिन्यांचा गुंता होऊन बसतो. हा गुंता पुष्कळदा ऐन तारुण्यात, शिकण्याच्या किंवा संसार मांडण्याच्या वयात प्रकट होतो. उपचार न झाल्यास त्यातून रक्तस्राव होण्याचा धोका दरवर्षी शेकडा दोन ते चार इतका असतो.

या विकारांवर मानवी बुद्धीने मिळविलेला विजय सामान्य नाही. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ साली मेंदूतील रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधून काढली. अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी १९३७ साली अशा फुग्याच्या मानेवर धातूचा चिमटा बसवून त्याचा रक्तपुरवठा तोडला. पुढे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि १९९० पासून तर कवटी न उघडता, मांडीतील धमनीतून नळी नेऊन, प्लॅटिनमच्या बारीक तारेने फुगा भरून टाकणे शक्य झाले. भारतात १९४९ साली वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी आणि १९५० साली मद्रासला डॉ. बी. राममूर्ती यांनी या शास्त्राचा पाया घातला. जे दुखणे आजोबांच्या पिढीत ‘डोक्याची शीर तुटली’ एवढ्या एका वाक्यात संपत असे, त्यातून आज अनेक माणसे उठून घरी जातात.

तथापि या यशाचे मोजमाप एकाच बाजूने केले जाते. रक्तस्राव थांबला काय, चिमटा नीट बसला काय, हातपाय हलतात काय, हे प्रश्न विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु रुग्ण रात्री झोपतो काय, त्याला रडू का येते, घरातील माणसांची नावे त्याला वेळेवर आठवतात काय, पुन्हा रक्तस्राव होईल या भीतीने तो खोलीबाहेर पडावयाचे टाळतो काय, हे प्रश्न विचारावयास ओपीडीच्या रांगेत सवड नसते. ज्या अवयवावर शस्त्रक्रिया झाली, तोच अवयव मनाचे अधिष्ठान आहे, ही साधी गोष्ट येथे विसरली जाते.

जिवावरचे बोटावर

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एक शिक्षक. वय पंचेचाळिसाच्या आसपास. फळ्यावर लिहिता लिहिता कोसळले, नागपुरात शस्त्रक्रिया झाली, तीन आठवड्यांनी स्वतःच्या पायांनी घरी आले. नातेवाईक म्हणाले, ‘जिवावरचे बोटावर निभावले.’ ते खरेही होते. पण दोन महिन्यांनी घरातील सूर बदलतो. हा मनुष्य दिवसाचे बारा-बारा तास झोपतो. भेटीला चार माणसे आली आणि एकाच वेळी बोलू लागली, तर उठून आत निघून जातो. मुलाने पेला पाडला म्हणून त्याच्यावर हात उगारतो आणि पाठोपाठ स्वतःच रडू लागतो. किराण्याच्या यादीतील तिसरी वस्तू त्याला आठवत नाही. वरून पाहता तर प्रकृती उत्तम आहे. जखमेवर केसही आले आहेत. मग आप्तांची कुजबुज सुरू होते: ‘आता सोंग करतो’, ‘आळस अंगात मुरला’, ‘स्वभावच बिघडला’. पत्नी कोणाजवळ बोलत नाही. परंतु घरी परत आलेला मनुष्य आपण रुग्णालयात नेलेला मनुष्य नव्हे, ही जाणीव तिला आतून पोखरीत असते.

वस्तुतः यातील बहुतेक गोष्टींना वैद्यकीय कारणे आहेत. मेंदूभोवती सांडलेल्या रक्ताने झालेली इजा स्कॅनमध्ये दिसते त्याहून अधिक असू शकते. मेंदूच्या पुढच्या भागाजवळील धमनीचा फुगा फुटल्यास स्मरणशक्ती, संयम आणि पुढाकार घेण्याची वृत्ती यांवरच घाव बसतो. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या काही औषधांनीही चिडचिड वाढते. विश्रांतीनेही न जाणारा थकवा ही तर अशा रुग्णांची नित्याची तक्रार होय. जोडीला नैराश्य आणि भीती असते. साधे डोके दुखले तरी पुन्हा तेच होणार, असे रुग्णाला वाटते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण या रुग्णांच्या रात्रींना अक्षरशः लागू पडते.

रुग्ण स्त्री असेल, तर तिचा प्रश्न आणखी अवघड होतो; आणि फुगा फुटण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. नोकरदाराला वैद्यकीय रजा असते. गृहिणीला ती नसते. घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत ती चुलीपुढे उभी राहते. दूध उतू जाते, भाजीत मीठ दोनदा पडते, गॅस तसाच सुरू राहतो आणि घरात हसू किंवा संताप उसळतो. शस्त्रक्रियेच्या आधी केस उतरविणे ही डॉक्टरांच्या दृष्टीने किरकोळ बाब असते. परंतु ज्या समाजात केशवपनाची आठवण अजून पुसलेली नाही, तेथे मुंडन केलेल्या डोक्याने आरशासमोर उभ्या राहणाऱ्या सवाष्णीच्या मनात काय येत असेल, याचा विचार व्हावयास हवा. चिरेपुरतेच केस काढणे आता पुष्कळ वेळा शक्य असते. ते शक्य नसेल तेथे निदान दोन शब्द अगोदर बोलता येतात. या दोन शब्दांना खर्च काहीच येत नाही.

एका चौकाचे नाव

मग अशा रुग्णाला मनाच्या डॉक्टरकडे का नेले जात नाही? याचे एक उत्तर नागपूरच्या रस्त्यावरच सापडते. १८६४ साली स्थापन झालेले येथील प्रादेशिक मनोरुग्णालय हे राज्यातील अशा जुन्या संस्थांपैकी एक. त्याच्याजवळच्या चौकाला लोक आजही ‘पागलखाना चौक’ म्हणतात. रिक्षावाल्याला तेच नाव सांगावे लागते. जे नाव नित्याच्या बोलण्यात इतके रुळले आहे, ते मनातही रुतलेले असणार. ‘मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या’ असे सुचविताच घरातील वडीलधारे विचारतात, ‘त्याला काय वेड लागले आहे?’ मेंदूची शस्त्रक्रिया झाल्याचे कुटुंब चारचौघांत सांगते. त्यानंतर आलेले नैराश्य मात्र दाराआड ठेवते. एकाच डोक्याच्या दोन दुखण्यांना समाजाने असे दोन न्याय लावले आहेत.

कायद्याने हा भेद मानलेला नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीचे स्थान दिले आणि आरोग्यविम्यातही तोच न्याय लावण्यास विमा कंपन्यांना बांधून घेतले. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते. दूरच्या तालुक्यातील ज्या कुटुंबाला नागपूरची फेरी परवडत नाही, त्याला या क्रमांकाचा आधार होऊ शकतो. पण डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या वेळा लिहिताना हा क्रमांक लिहिण्याचे कितीजणांना सुचते?

प्रेम आहे, माहिती नाही

यावर असे म्हटले जाईल, की समुपदेशन हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. आपल्याकडे कुटुंब आहे, शेजारधर्म आहे, तेवढे पुरे. या म्हणण्यात तथ्याचा अंश निश्चित आहे. रुग्णाच्या उशाशी आळीपाळीने जागणारे चुलत-मावस भाऊ, वॉर्डाबाहेर चटई टाकून महिना महिना काढणारी आई, टेकडीच्या गणपतीला नवस बोलणारी आणि ताजबागेत चादर चढविणारी माणसे ही या समाजाची खरी संपत्ती होय. परंतु प्रेम असणे वेगळे आणि रुग्णाला काय होते आहे, याची माहिती असणे वेगळे. माहितीवाचून प्रेम थकते, मग त्याचे रूपांतर उपदेशात होते आणि शेवटी दूषणात. ‘मन घट्ट कर’, ‘देवाने वाचविले, आता रडतोस कशाला?’ ही वाक्ये प्रेमानेच उच्चारलेली असतात. ऐकणाऱ्याला मात्र ती आरोपासारखी लागतात. शिवाय शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे मन कोणी पाहावयाचे? सहा महिने अपुऱ्या झोपेवर काढलेली पत्नी किंवा शाळा बुडवून औषधांच्या वेळा सांभाळणारी मुलगी ही या घरातील दुसरी रुग्ण असते. तिचा केसपेपर कोठेच निघत नाही.

माहितीची जोड मिळालेले प्रेम काय करू शकते, याचे उदाहरण अमेरिकेतील आहे. जिल बोल्टी टेलर या मेंदूचाच अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ. १० डिसेंबर १९९६ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांच्या डाव्या मेंदूतील रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता फुटला. बोलणे, वाचणे, चालणे, पूर्वायुष्याच्या आठवणी, सारेच हरपले. सुमारे अडीच आठवड्यांनी शस्त्रक्रिया होऊन रक्ताची गुठळी काढण्यात आली. पूर्ववत होण्यास त्यांना आठ वर्षे लागली. या काळात त्यांच्या आईने लेकीला हवे तितके झोपू दिले, लहान मुलासारखे एकेक अक्षर पुन्हा शिकविले आणि काल जमले नव्हते ते आज जमले, एवढेच मोजले. शास्त्रज्ञ असलेल्या आणि सर्व सोयी हाताशी असलेल्या व्यक्तीला जेथे आठ वर्षे लागली, तेथे आपण आपल्या रुग्णाला दोन-तीन महिन्यांत ‘पहिल्यासारखे’ होण्याचा तगादा लावतो, हे कितपत न्याय्य आहे?

कचेरी आणि शाळा

रुग्णाची खरी कसोटी रुग्णालयात अथवा घरातही लागत नाही. ती कामाच्या जागी लागते. फिटनेस सर्टिफिकेट घेऊन तो रुजू होतो. पहिल्या दिवशी सहकारी हार घालतात, चहा होतो. आठव्या दिवशी टेबलावर पूर्वीइतक्याच फायली येऊन पडतात. जमाखर्चाचे आकडे जुळत नाहीत, टिपणीतील एखादा शब्द सुटतो, साहेबांची हाक दुसऱ्यांदा ऐकू येते. ‘अजून डोके ठिकाणावर दिसत नाही’ हा विनोद कचेरीत सहज केला जातो. तो करणारा दुष्ट नसतो. त्याला ठाऊक नसते, इतकेच. महाविद्यालयात परतलेल्या विद्यार्थ्याचेही तसेच. वर्ष बुडालेले असते, बरोबरीचे पुढे गेलेले असतात, आणि तासभर व्याख्यान ऐकताच डोके जड होते. त्याला एखाद्या मित्राने वह्या उतरवून दिल्या, शिक्षकांनी त्याला तोंडी परीक्षेपूर्वी दहा मिनिटे शांत बसू दिले, तर त्याचे वर्ष आणि त्याचा आत्मविश्वास ही दोन्ही वाचतात.

येथेही कायदा समाजाच्या पुढे आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. मेंदूच्या विकारामुळे आलेला कायमचा वाचाघात त्यात येतो, मानसिक आजारही येतो. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून कमी करू नये अथवा खालच्या पदावर ढकलू नये; पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, आणि तसे पद रिकामे नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा सेवानिवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, असे हा कायदा सांगतो. स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्थाही या व्याख्येत मोडतात. म्हणजे विदर्भातील बहुसंख्य शिक्षक आणि लिपिक या संरक्षणाखाली आहेत. परंतु कोणत्याही प्रमाणपत्रात न बसणारा थकवा आणि विस्मरण यांना कायद्याचे कलम पुरे पडणार नाही. तेथे मुख्याध्यापकाची आणि हेडक्लार्कची माणुसकीच कामी येईल. पहिले तीन महिने अर्धे काम, गर्दीच्या खिडकीपासून दूर जागा, तोंडी सूचनांऐवजी कागदावर लिहून दिलेल्या सूचना आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, एवढ्याने एक अनुभवी कर्मचारी संस्थेला परत मिळू शकतो.

होण्यासारख्या गोष्टी

शासकीय रुग्णालयांवरील भार पाहता ‘आधी खाटा वाढवा, मग मनाचे पाहू’ असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. परंतु येथे जे मागावयाचे आहे, त्याला नवी इमारत लागत नाही, महागडे यंत्रही लागत नाही. शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षकांची पदे पूर्वीपासून आहेत. मेंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी रुग्ण व एक नातेवाईक यांच्याशी अर्धा तास बोलावे आणि सुटी देताना पुन्हा अर्धा तास बोलावे. येणारा थकवा, विस्मरण, चिडचिड, रडू यांची कल्पना देणारे, सोप्या मराठीत छापलेले एक पान डिस्चार्ज कार्डाला जोडावे. सीमेपलीकडच्या रुग्णांसाठी तेच पान हिंदीतही असावे. सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासणीत झोप, मन:स्थिती आणि स्मरण यांविषयी चार ठरावीक प्रश्न विचारले जावेत. आणि महिन्यातून एका शनिवारी, रुग्णालयाच्याच एखाद्या खोलीत, अशा शस्त्रक्रियेतून गेलेल्या जुन्या-नव्या रुग्णांनी व त्यांच्या घरच्यांनी एकत्र बसावे. ‘मलाही असेच होत असे, वर्षभराने कमी झाले’ हे वाक्य पाच वर्षांपूर्वीच्या रुग्णाच्या तोंडून ऐकताना नव्या रुग्णाला जो धीर येतो, तो कोणत्याही गोळीत नाही.

शस्त्रक्रिया न करता ‘लक्ष ठेवू’ असे ज्यांना सांगितले जाते, त्यांनाही या बैठकीत जागा असावी. न फुटलेल्या गुंत्याच्या बाबतीत शस्त्रक्रिया करावी की केवळ औषधांवर राहावे, याविषयी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अरुबा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर वैद्यकविश्वातही मोठी चर्चा झाली. निर्णय तज्ज्ञांनी आणि रुग्णाने मिळूनच घ्यावयाचा. पण डोक्यातील तो गुंता घेऊन रोज कामावर जाणाऱ्या माणसाची भीती शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाहून कमी नसते.

२०१२ साली सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या जन आरोग्य योजनेने गरिबाला मेंदूच्या शस्त्रक्रियेचे दार उघडून दिले. दार उघडणारे शासन रुग्णाला घरापर्यंत पोचविण्याची जबाबदारीही पत्करील, अशी अपेक्षा करणे गैर नव्हे. शासन ती पत्करीपर्यंत मात्र थांबण्याचे कारण नाही. अशी शस्त्रक्रिया होऊन परतलेला कोणी ना कोणी आज एखाद्या शाळेच्या शिक्षक-खोलीत, एखाद्या कचेरीच्या कोपऱ्यात, एखाद्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसलेला असेल. त्याच्या डोक्यावरची जखम शल्यचिकित्सकाने शिवली आहे. बाकीचे काम त्याच्या शेजारी बसणाऱ्याने करावयाचे आहे, आणि त्याची सुरुवात ‘आता बरा झालास ना?’ या प्रश्नाऐवजी ‘आज कसे वाटते?’ असे विचारून, उत्तरासाठी थांबण्याने करता येईल.